न बसवलेली छत्री

ह्यांना पहिली चक्कर आली ती जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, बाथरूमच्या दारात. हे म्हणजे माझे यजमान, शरद बोकील. सांवेर रोडवर पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. दोघांनाही रिटायर होऊन आठ-दहा वर्षं झालेली. लोकमान्य नगरात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, लिफ्ट नाही. मुलगा नचिकेत आणि सून शलाका निपानियाला, त्यांच्या घरी.

ह्यांच्या हृदयाचे ठोके दोन वर्षांपासून बिघडले होते. मनगट धरलं तर दोन ठोके घाईघाईनं यायचे, मग एक गाळलेला, मग पुन्हा घाई. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणत. अशा हृदयात रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती. त्या गोळीनंच जानेवारीत घात केला. आतड्यातून रक्त जात होतं, आठवडाभर काळी शौच होत होती, आणि ह्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. हिमोग्लोबिन सहावर आलं. तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं.

हृदयाच्या डॉक्टर मिताली मॅडम बायपास रस्त्याजवळच्या हॉस्पिटलात बसत. त्यांनी आम्हाला समोर बसवून कोऱ्या कागदावर हृदयाचं चित्र काढलं. डावीकडच्या वरच्या कप्प्याला अंगठ्याएवढी एक पिशवी काढली.

"देखिए आंटी, थक्का, म्हणजे गुठळी, ज़्यादातर यहीं बनता है," त्या म्हणाल्या. "गोळी बंद केली तर लकव्याचा धोका, चालू ठेवली तर पुन्हा ब्लीडिंग. मग ही पिशवीच बंद करून टाकू."

त्यांना मराठी समजायचं, थोडं बोलताही यायचं. जांघेतल्या शिरेतून नळी घालायची, हृदयापर्यंत न्यायची आणि तारांची एक छोटी छत्री त्या पिशवीच्या तोंडाशी उघडायची. छाती कापायची नाही. पुढचे पंचेचाळीस दिवस रक्त पातळ करणारी गोळी, मग तोंडातून नळी घालून तपासणी. छत्री नीट बसली असेल तर ती गोळी बंद, आणि सहा महिन्यांपर्यंत दुसऱ्या दोन साध्या गोळ्या. हे सगळं त्यांनी त्याच चित्राखाली लिहून दिलं.

"रिस्क?" ह्यांनी विचारलं.

"मोठी अडचण शंभरात एखाद्याला. हृदयाला छेद जाऊ शकतो, सुई लागू शकते. पण आपल्याकडे तयारी असते."

ह्यांनी मान हलवली. घरी आल्यावर दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मी स्पष्ट म्हटलं, "हे बघा, मला तुमची सेवा करायचा कंटाळा नाही. पण तुम्ही अंथरुणाला खिळलेले मला बघवणार नाहीत. करून घ्या." त्यावर हे म्हणाले, "ठीक आहे. घे तारीख."

तारीख मिळाली सहा मार्च. सत्तावीस फेब्रुवारीला भाजी घेऊन येताना मी जिन्यात घसरले आणि माझा घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. मी म्हटलं, पुढे ढकलू. हेच म्हणाले, "नको, तारीख मिळाली आहे. नचिकेत आहे ना बरोबर. दोन दिवसांचं तर काम."

सहा तारखेला पहाटे नचिकेत त्यांना घेऊन गेला. शलाका माझ्याजवळ राहायला आली. आठ-वीसला फोनवर फोटो आला. निळा गाऊन घातलेले हे, हाताला सुई लावलेली, अंगठा वर केलेला. त्यानंतर मी देवासमोर खुर्ची ओढून बसले ती उठलेच नाही. एक वाजता नचिकेतचा फोन.

"आई, झालं. एकदम बढिया झालं. छत्री बसली."

मी रडले. शलाका पण रडली. भोपाळला माझी बहीण सुलोचना असते, तिला फोन केला. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळवून झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे घरी आले. जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबत होते, हात उजव्या जांघेवर. मी वॉकर घेऊन दारात उभी होते. आत आल्यावर पलंगावर टेकताना "आई गं" म्हणाले. जांघेवर बँडेजची जाड पट्टी होती. मी कागद मागितले तर नचिकेत म्हणाला, "फाइल हॉस्पिटलातच ठेवतात, सगळं ऑनलाइन असतं. छत्रीचं कार्ड पोस्टानं येईल."

पुढचे पाच दिवस हे वाकले नाहीत. खाली पडलेला पेपर उचलायला मला बोलवायचे. मी प्लास्टरचा पाय ओढत, वॉकर ढकलत यायची. पाणी द्यायची, उशी लावून द्यायची. एकदा मी पाण्याचा गडू आणता आणता भिंतीला धडकले, तेव्हा हे अर्धे उठले होते आणि मग पुन्हा जांघ धरून खाली बसले. मी म्हटलं, "उठू नका तुम्ही, टाका उसवेल."

चौथ्या दिवशी हातोदहून जयसिंगराव आले. ते ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, हातोदच्या मंडीत त्यांची आडत आहे, शेती आहे. सोबत पपया आणल्या होत्या. चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, शरद शेर निघाला शेर. ऑपरेशन मस्त झालं."

एप्रिलच्या वीस तारखेला नचिकेत ह्यांना तपासणीला घेऊन गेला. परत आल्यावर म्हणाला, "सील झालंय. आता ती गोळी बंद." मी मिताली मॅडमचा तो कागद काढून बघितला. पंचेचाळीस दिवस बरोबर भरले होते. गोळ्यांच्या डबीतून मी रक्त पातळ करणारी गोळी काढून टाकली आणि त्यांनी लिहिलेल्या दोन साध्या गोळ्या घालायला लागले. रोज सकाळी मी त्या स्वतः ह्यांच्या हातावर ठेवायची. हे माझ्यासमोर गिळायचे.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये इंदुमती राहतात, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांचेही ठोके असेच अनियमित आणि नाकातून रक्त यायचं. त्यांना डॉक्टरांनी हीच छत्री सुचवली होती आणि त्या घाबरत होत्या. मी त्यांना किती वेळा बसून समजावलं. "अहो, आमच्याकडे बघा ना. पाच दिवसांत हे चालायला लागले." हेही तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसलेले असायचे. मान खाली घालून पेपर वाचत.

*

एकोणीस ऑगस्टला सकाळी सात-चाळीसला ह्यांच्या हातून चहाचा कप सुटला. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "भाजलं का?" उत्तर नाही. येऊन बघते तर तोंड डावीकडे ओढलं गेलेलं, उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता. माझ्याकडे बघत होते आणि तोंडातून नुसता "ब... ब..." असा आवाज येत होता.

मी घड्याळ बघितलं. मिताली मॅडमनी सांगितलं होतं, असं काही झालं तर पहिल्यांदा वेळ लक्षात ठेवा. अँब्युलन्सला फोन केला, नचिकेतला केला. खालच्या पोरांनी चादरीत घालून तीन मजले उतरवलं. पावणेनऊला आम्ही हॉस्पिटलात होतो. नचिकेत आमच्या आधी पोचला होता.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी भराभर विचारायला सुरुवात केली. कधी झालं? सात-चाळीस. शुगर? आहे. बीपी? आहे.

"ब्लड थिनर चल रहा है?"

"नाही," मी म्हटलं. "एप्रिलमध्ये बंद झालं. त्यांच्या हृदयात छत्री बसवलेली आहे. मार्चमध्ये, इथेच, मिताली मॅडमनी."

मी हे अगदी ठामपणे सांगितलं. मला वाटलं, बरं झालं मला सगळं पाठ आहे.

"बढ़िया. तो इंजेक्शन दे सकते हैं," डॉक्टर नर्सकडे वळले. "सीटी स्कैन से आते ही—"

"चल रहा है," नचिकेत म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"सर, ब्लड थिनर चल रहा है. दिवसातून दोनदा. इंजेक्शन मत दीजिए."

"अरे काय बोलतोस?" मी म्हटलं. "मी देते ना त्यांना गोळ्या. मी रोज माझ्या हातानं देते."

"आई, छत्री बसवलीच नाही." तो माझ्याकडे वळला. "बाबा टेबलावरून उठून आले होते. ते ती गोळी चुपचाप घेतात. मी आणून देतो."

डॉक्टर दोघांकडे बघत राहिले. "लास्ट डोस कब लिया?"

"काल संध्याकाळी... मतलब, घेतलाच असेल. रोज घेतात."

"पक्का?"

नचिकेतनं मान हलवली. डॉक्टरांनी नर्सला हातानं थांबवलं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, हिंदीत, सावकाश. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण रक्त पातळ करणारी गोळी पोटात असेल तर ते दिल्यावर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दोन दिवसांत घेतली असेल तर देताच येत नाही. आता जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढायची. ते करणारे डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलातून येणार होते.

ते आले तेव्हा साडेदहा होत आले होते. त्या पावणेदोन तासांत मी स्ट्रेचरच्या लोखंडी दांड्याला धरून उभी होते. हे माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं, मला खात्री आहे. मी त्यांच्याकडे बघूच शकले नाही. नवऱ्याचं काय होणार ही धास्ती एकीकडे, आणि दुसरीकडे मला तो गडू आठवत होता, भिंतीला धडकून अर्धा सांडलेला. मी उचलून आणलेलं पाणी ह्यांनी, काहीही झालेलं नसताना, पिऊन टाकलं होतं.

गुठळी निघाली. पण सगळी नाही, आणि उशिरा. जीव वाचला. उजवा हात आणि वाचा गेली.

*

दुपारी आयसीयूच्या बाहेर मी नचिकेतला विचारलं. शलाका पण तिथेच होती. तिलाही तेव्हाच कळत होतं.

त्यानं सगळं सांगितलं. सकाळी तयारी झाली होती, फोटो खरा होता. मग हे आत गेले. भूल द्यायच्या आधी एक मुलगी ट्रेमधून छत्रीचं पाकीट घेऊन आली. ह्यांनी तिला थांबवलं, पाकिटावरचं सगळं वाचलं आणि उठून बसले. "नाही करायचं," म्हणाले. मिताली मॅडमनी समजावलं, नचिकेतला आत बोलावलं. हे ऐकेनात. शेवटी त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि सोडलं.

"मला म्हणाले, शंभरात एक पीस रिजेक्ट निघतोच. मी जन्मभर तोच एक शोधला. तो माझ्या नशिबी आला तर?"

"मग घरी का नाही आणलंस?"

तो शलाकाकडे बघायला लागला.

"नचिकेत."

"घरी यायला तयार नव्हते. जयसिंगकाकांकडे गेलो हातोदला. रात्रभर तिथेच राहिलो. बाबांनी मला शपथ घातली. म्हणाले, तुझ्या आईला कळलं तर ती मला परत टेबलावर नेऊन झोपवेल. मी गोळी घेत राहतो, तिला काय फरक पडतो."

"आणि ती पट्टी?"

"काकांनी... तिथल्या कंपाउंडरकडून बांधून घेतली."

शलाका उठून खिडकीकडे गेली.

"एप्रिलमध्ये तपासणीला कुठे गेला होतात?"

"राजवाड्याच्या बाजारात. मग सराफ्यात थोडं फिरलो. बाबांनी अंगठी पॉलिशला दिली."

मला आठवलं, त्या दिवशी हे परत आले तेव्हा मी ओवाळायचं ताट घेऊन उभी होते.

"आई, तू त्यांना सोडलं नसतंस," नचिकेत म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण बोलणं टोचणारं होतं. "तू एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं तुझ्यासमोर."

"म्हणून तीन पुरुषांनी मिळून नाटक केलंत? माझा पाय मोडलेला असताना?"

"मला वाटलं गोळी तर चालूच आहे..."

"हॉस्पिटलातून कुणाचा फोन नाही आला?"

"आला होता. दोनदा. फॉर्मवर माझा नंबर होता."

दुसऱ्या दिवशी मीच त्याला पाठवलं, ह्यांच्या स्कूटरची डिकी उघडून लपवलेल्या गोळ्या आण म्हणून. गोळ्या तिथे ठेवायचं ठरलं होतं. तो दर महिन्याला पाकिटावर महिन्याचं नाव लिहून गोळ्यांचे पत्ते देत असे. मेचं पाकीट रिकामं होतं. जूनचे पत्ते अर्ध्यावर थांबलेले. जुलैचं पाकीट उघडलंच नव्हतं. ऑगस्टचंही नाही.

म्हणजे दोन महिने गोळी बंद होती. मी इमर्जन्सीत सांगितलं तेच खरं निघालं. ते खोट्याच्या आधारानं सांगितलेलं खरं होतं, पण खरं होतं. मुलानं खरं सांगायला तोंड उघडलं आणि ते चुकीचं ठरलं, कारण ह्यांनी त्यालाही फसवलं होतं.

मिताली मॅडमना मी विचारलं, "तेव्हा इंजेक्शन मिळालं असतं तर?"

"शायद फ़र्क़ पड़ता, आंटी. कितना, ये कोई नहीं बता सकता." मग त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, छत्री नव्हती, तरी तुम्ही त्या दोन गोळ्या देत होतात. वरून ते तिसरी लपून घेत होते. तिन्ही मिळून पुन्हा ब्लीडिंग झालं असणार. घाबरून त्यांनी तीच सोडली असेल, जी सोडायची नव्हती.

पुढे ह्यांना मान हलवता यायला लागली तेव्हा मी एवढंच विचारलं, "जूनमध्ये पुन्हा काळी शौच झाली होती?" त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. ज्या गोळ्यांनी ते झालं, त्यातल्या दोन मी माझ्या हातानं त्यांच्या तळहातावर ठेवल्या होत्या. मला हे कोण भरून देणार?

*

जयसिंगराव चौथ्या दिवशी आले. हातात फळांची पिशवी. "वहिनी, मी तेव्हाच म्हटलं होतं त्याला, सांगून टाक म्हणून."

"मग मला का नाही सांगितलंत? माझ्या घरी बसून चहा प्यालात."

"दोस्तीत माणूस काय करणार वहिनी."

"तुमचं दोस्तीत काय ते झालं. आता या तुम्ही. आणि ही पिशवी घेऊन जा."

पन्नास वर्षांत मी त्यांना कधी असं बोलले नव्हते. ते गेले. मला बरं वाटलं असं नाही.

ह्यांना घरी आणलं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. नचिकेत सकाळ-संध्याकाळ यायचा, अंघोळ घालायचा, फिजिओथेरपीचा व्यायाम करून घ्यायचा. मी जेवण भरवायची, औषध द्यायची. पण मी ह्यांच्या खोलीत झोपणं सोडलं. बाहेरच्या दिवाणावर अंथरूण घातलं. सगळ्यात वाईट हे की माझ्या मनात इतकं बोलायचं साठलं होतं, आणि भांडायला समोर माणूस नव्हता. एक आजारी म्हातारा होता, घास गालात अडकला तर डोळ्यांनी सांगणारा. त्याच्यावर ओरडायचं कसं? एकदा मी ओरडलेच. वाटी आपटली आणि म्हटलं, "मी धावत होते हो तुमच्यामागे, तुटक्या पायानं!" हे रडायला लागले. मग मला त्यांचं नाकही पुसावं लागलं.

फोन चालूच होते. सुलोचना म्हणाली, "अगं, ऑपरेशन तर झालं होतं ना? मग असं कसं?" सगळे हेच विचारत होते. नचिकेतनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आई, लोकांना काही सांगू नकोस प्लीज. म्हण की होतं कधी कधी." मी आठ दिवस तसंच म्हटलं. होतं कधी कधी.

मग एका दुपारी इंदुमतीबाई आल्या, कांद्याची थालीपीठं घेऊन. बसल्या. म्हणाल्या, "मी माझी तारीख कॅन्सल केली हो. बारा सप्टेंबर होती. म्हटलं, शरदरावांना बसवूनसुद्धा असं झालं, तर काय उपयोग त्या छत्रीचा?"

नचिकेत आत ह्यांचा हात चोळत होता. त्याला ऐकू जात होतं. त्यांनाही.

मी म्हटलं, "ह्यांना बसवलीच नव्हती."

इंदुमतीबाईंना कळेना. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. टेबलावरून उठले ते, हातोद, पट्टी, सराफा, डिकी. आतून नचिकेत दारात आला. "आई, बस. घरातली गोष्ट आहे."

"घरातली होती तेव्हा मला कुणी सांगितली नाही," मी म्हटलं. "आता इंदुमतीबाईंची तारीख रद्द झाली आहे त्या गोष्टीपायी."

इंदुमतीबाई जाताना ह्यांच्या खोलीकडे न बघता गेल्या. त्या संध्याकाळी मी सुलोचनाला फोन करून खरं सांगितलं. मग बाकीच्यांना. प्रत्येक वेळी तेच शब्द: झालंच नव्हतं, मला खोटं सांगितलं. नचिकेत दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण येत राहिला. इंदुमतीबाईंनी ऑक्टोबरमध्ये जाऊन छत्री बसवून घेतली आणि त्या ठीक आहेत.

ह्यांना शब्द यायला लागले होते, एकेक. पाणी. नको. बस. एके दिवशी मी चादर बदलत होते तर माझा पदर डाव्या हातानं धरला आणि खूप वेळ तोंड हलवून म्हणाले, "चु... चुकलं."

मी किती दिवस त्याची वाट बघितली होती. आलं तेव्हा मात्र आत काहीच हललं नाही. मी म्हटलं, "हो. चुकलं." आणि उशीला अभ्रा घातला.

*

नोव्हेंबरमध्ये मिताली मॅडम म्हणाल्या, आता छत्री बसवायला हवी, पहिल्यापेक्षा जास्त गरज आहे. नचिकेतनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "त्यांना विचारा. माझ्यासमोर नको. आम्ही दोघं बाहेर बसतो."

मॅडम अर्धा तास आत होत्या. चित्र काढून दाखवलं असेल पुन्हा. बाहेर येऊन म्हणाल्या, "हाँ बोल रहे हैं. मैंने तीन बार पूछा." कागदावर ह्यांची डाव्या हाताची वेडीवाकडी सही होती.

त्या दिवशी मी काचेच्या दाराबाहेर बसून राहिले, संपेपर्यंत. नचिकेत शेजारी. तो म्हणाला, "आई, या वेळी मी—" मी म्हटलं, "बोलू नकोस." बाराच्या सुमारास मॅडमनी मला आत बोलावलं आणि स्क्रीनवर दाखवलं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर हृदय थरथरत होतं आणि त्यात एक बारीक जाळी, स्थिर. मी म्हटलं, "पुन्हा दाखवा." त्यांनी पुन्हा दाखवलं. मी त्याचा प्रिंट मागितला, कार्ड मागितलं, डिस्चार्जचा प्रत्येक कागद मागितला. त्यांनी काही न विचारता दिले.

पंचेचाळीस दिवसांची तपासणी जानेवारीत झाली. मीच बरोबर गेले. छत्री नीट बसली होती. "अब वो गोली बंद," मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, "लिहून द्या." त्यांनी लिहून सही केली. हे व्हीलचेअरमध्ये बसून माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटत असावं की मी आता तरी हसेन. मॅडमशी मी हसले.

परत येताना गाडी नचिकेत चालवत होता. मी पुढे बसले होते, हे मागे. पलासियाच्या सिग्नलला तो म्हणाला, "आता सगळं ठीक आहे आई. आता तरी टेन्शन सोड."

"तू सांगतोस म्हणून?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. मलाही त्याची कीव आली, पण जे होतं ते होतं. माझा मुलगा मला काही सांगतो आणि मी आधी कागद बघते. हे आता असंच राहणार, त्याला आणि मला दोघांनाही ते कळलं होतं.

बिल्डिंगखाली तो गाडी लावून वॉचमनला खुर्ची आणायला बोलवायला गेला. मागे हे डाव्या हातानं दार उघडायचा प्रयत्न करत होते. मी उतरले, वळसा घालून गेले, दार उघडलं. त्यांनी एक पाय बाहेर टाकला आणि हात पुढे केला. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. ह्यांनी हात तसाच धरून ठेवला.

मग मी तो धरला. नाहीतर ते पडले असते.